‘सीडी लागत नाही’: जुना पीएस-टू काही डिस्क वाचतो, काही नाकारतो, तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आपला जुना प्लेस्टेशन टू (पीएस-टू), म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घेऊन आला. काळा, जाडा, खाचाखाचांत धूळ बसलेला. म्हणाला, “दादा, लेन्स गेलीय याची. दुकानात दाखवला, दीड हजार सांगितले. सीडी लागत नाही.”

“कुठली लागत नाही?”

“कुठलीच नाही. म्हणजे, क्रिकेटची लागते. कुस्तीची पण लागते. गॉड ऑफ वॉर टू नाही लागत. आणि ग्रॅन टुरिस्मो फोर.”

हे ऐकलं आणि अर्धं काम तिथेच झालं. लेन्स गेली असती तर क्रिकेट आणि कुस्ती तरी कशी लागली असती? आणि न लागणाऱ्या दोन्ही डिस्क एकाच जातीच्या निघाल्या: दोन थरांच्या डीव्हीडी. आपल्याकडे चकती दिसली की ती सीडीच. गाण्यांची सीडी, पिक्चरची सीडी, गेमची सीडी. बोलायला काही हरकत नाही. पण पीएस-टू दुरुस्त करताना हीच सवय नडते, कारण कोणत्या जातीची डिस्क लागत नाही यावरूनच बिघाड कुठे आहे ते कळतं. दुकानदारानं ते विचारलं नव्हतं आणि यानं सांगितलं नव्हतं.

पीएस-टू जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण मशीनसुद्धा आता दशक ओलांडून गेलंय. त्यामुळे थोडीफार कुरकुर धरूनच चालायची.

आत नेमकं काय होतं

डिस्क घातली की लेसरचा गाडा रुळांवरून मध्याकडे सरकतो. मग लेन्स वरखाली होऊन नजर जुळवते. किरण चकतीवर आपटून परत येतो, तो किती आला आणि कसा आला यावरून मशीन ठरवतं की ही सीडी, डीव्हीडी की काहीच नाही. मग डिस्क वेगानं फिरू लागते आणि वाचन सुरू होतं. सीडी असो की डीव्हीडी, माहितीची रेघ आतून सुरू होते आणि गोल गोल फिरत कडेला जाते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगाचं आहे.

सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा किरण लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. पहिला डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, दुसरा लाल दिसतो. एकाच लेन्समागे दोघांची सोय असते, पण दोघं म्हातारे एकदम होत नाहीत. म्हणून एक थकला की निम्म्या डिस्क चालतात आणि निम्म्या चालत नाहीत.

डीव्हीडीचं काम जास्त नाजूक. सीडीवर शेजारच्या दोन रेघांत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४. त्यात डीव्हीडी दोन थरांची असेल तर किरणाला पहिल्या अर्धपारदर्शक थरातून आत जाऊन परत यायचं असतं. एका थराच्या छापील डीव्हीडीवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, दोन थरांच्या डिस्कवरून १८ ते ३० टक्केच. लेन्सवर पातळशी साय आली तरी पहिली डिस्क भागवून नेते, दुसरी हात वर करते. मामेभावाचं दुखणं इथेच होतं.

कागद-पेन घ्या

स्क्रू ड्रायव्हर नंतर. आधी घरातल्या सगळ्या डिस्क पालथ्या करून खालचा रंग बघा. निळसर-जांभळी ती पीएस-टूची सीडी. सुरुवातीच्या काळातले आणि लहान आकाराचे गेम यावर निघत. चंदेरी ती डीव्हीडी. काळी ती पहिल्या प्लेस्टेशनची. ते काळं प्लास्टिक आपल्या डोळ्यांना काळं, सीडीच्या अदृश्य किरणाला मात्र आरपार. दोन थरांची डीव्हीडी काही वेळा किंचित सोनेरी झाक मारते, पण डोळ्यांवर विसंबू नका. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून आकार बघा. कॉम्प्युटर साधारण ४.३७ जीबीपेक्षा जास्त दाखवत असेल तर दोन थर.

आता एकेक डिस्क मशीनला लावा आणि पुढ्यात लिहीत जा: लागली, नाही लागली, किती वेळानं अडकली. गाण्याची एक ऑडिओ सीडी आणि पिक्चरची एक डीव्हीडीही यादीत घ्या. वीस मिनिटांचं काम आहे. हे न करता कुणी मशीन उघडलं की मला राग येतो.

यादीवरून असं वाचायचं:

निळ्या, काळ्या आणि गाण्याच्या डिस्क नापास, चंदेरी पास: सीडीचा किरण थकला. साफसफाईनं कधी कधी उठतो, पण फार आशा धरू नका.

सीडी सगळ्या पास, डीव्हीडी नापास: आधी लेन्स पुसा. धुळीचा आणि तेलकटपणाचा फटका डीव्हीडीला पहिला बसतो. पुसूनही फरक नाही तर डीव्हीडीचा किरण गेला.

एका थराच्या पास, दोन थरांच्या नापास: शंभरातल्या बहुतेक वेळा लेन्स मळलेली.

गेम सुरू होतो, मेनू येतो, पुढे एखाद्या व्हिडिओला किंवा नव्या लेव्हलला अडकतो, आणि हे बऱ्याच डिस्कवर होतं: गाडा कडेपर्यंत नीट पोचत नाही. रुळावरचं वंगण वाळलंय किंवा लेन्सचा कल बिघडलाय.

थंड मशीन चालतं, अर्ध्या तासानं अडकतं: म्हातारा लेसर, नाहीतर मागचा पंखा धुळीनं गुदमरलेला. उलटं असेल, म्हणजे थंडीच्या सकाळी चालत नाही आणि तापल्यावर चालतं, तर वंगण घट्ट झालंय.

एकच डिस्क नापास, तीही मित्राच्या मशीनवरसुद्धा: मशीनला हात लावू नका, डिस्क बघा.

घरी लिहिलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर राइट केलेल्या, डिस्कची गोष्ट वेगळी. आपल्याकडचे बरेच पीएस-टू चिप बसवलेले होते आणि त्यांवर लिहिलेल्या डीव्हीडीच चालायच्या. त्या रंगाच्या थरावर लिहिलेल्या असतात आणि तो रंग वयानुसार उडतो. छापील डिस्क सगळ्या लागतात आणि लिहिलेल्याच नापास होतात, तर मशीन निर्दोष धरा. नवीन लिहायची झाली तर चांगल्या कंपनीची डीव्हीडी-आर घ्या, प्लसवाली नको, आणि कमी वेगानं लिहा.

डिस्कची तपासणी, आणि ती धुणं

डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा, छापील चित्र आपल्याकडे. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर आतला चमकता थर गेलाय. कोकणात आणि मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या डिस्कवर हे बरेचदा दिसतं, सोबत कडेनं बुरशीचे नक्षीदार डागही. वरवरची बुरशी धुतली जाते. थर गेला की गेला.

सीडी चित्राच्या बाजूनं जास्त जपायची असते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. सीडीची माहिती चित्राच्या लगेच खाली असते आणि खाली १.२ मिलिमीटर प्लास्टिक. वरून खिळ्याचा ओरखडा आला तर माहितीच खरवडली जाते. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, माहिती मधोमध, म्हणून ती वरून जरा दणकट.

धुवायचं असं: नळाच्या साध्या पाण्याखाली धरा, बोटावर भांड्यांच्या लिक्विड सोपचा थेंब घ्या आणि मधून कडेकडे सरळ रेषेत हात फिरवा. गोल गोल फिरवू नका. मशीनमध्ये चुका सुधारायची सोय असते. रेघेला आडवा जाणारा ओरखडा ती भरून काढते, पण रेघेच्या बाजूनं गोल गेलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि तिथे ती सोय तोकडी पडते. जुना मऊ सुती बनियन किंवा चष्म्याचं कापड घेऊन तसंच सरळ कोरडं करा. साडीचा पदर, टॉवेल, पेपर नको.

टूथपेस्टचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्यावर तो थोडाफार चालतो, कारण पेस्टमध्ये घासणारी पूड असते. पांढरी पेस्ट घ्या, जेल नको. मला विचाराल तर गाडीच्या दुकानातलं बारीक पॉलिश बरं. आणि हे फक्त तेव्हा, जेव्हा तशीही ती डिस्क टाकूनच द्यायची आहे.

अजून एक फुकटची परीक्षा आहे. संशयित डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला आणि तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आतल्या माहितीची हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. सगळी उतरली तर डिस्क ठीक, दोष मशीनचा. ८० टक्क्यांवर घसरगुंडी झाली तर दोष डिस्कचा. आणि उतरलेली प्रतिमा जपून ठेवा, शेवटी तिची गरज लागेल.

उघडण्याआधी दोन गोष्टी

पहिली, देश. अमेरिकेतून मावशीनं पाठवलेला किंवा दुबईहून आलेला पीएस-टू आणि इथून घेतलेली डिस्क यांचं क्षेत्र जुळत नसेल तर मशीन लाल पडदा दाखवून ‘प्लेस्टेशनची डिस्क घाला’ असं सांगतं. वाचता न आलेल्या डिस्कलाही हाच पडदा येतो, त्यामुळे गोंधळ होतो. डिस्कच्या कव्हरवर पाल (PAL) किंवा एनटीएससी (NTSC) काय लिहिलंय ते बघा; या टीव्हीच्या चित्राच्या पद्धती, त्यांवरून क्षेत्राचा अंदाज येतो. पिक्चरच्या डीव्हीडीचं क्षेत्र पुन्हा निराळं असतं. भारताचा आकडा ५, अमेरिकेचा १. तसंच अमेरिकेचा जाडा पीएस-टू ११०-१२० व्होल्टचा असतो, त्याला ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसू नका. खुपसलात तर मशीनच जाईल, मग डिस्कचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी, मशीनचं स्वतःचं निदान. डिस्क न घालता सुरू करा. पहिल्या मेनूत त्रिकोणाचं बटण दाबा, आवृत्त्यांची यादी येते. त्यात कन्सोलवर जाऊन पुन्हा त्रिकोण. ‘डायग्नोसिस’ दिसलं तर ऑन करा, मागे या आणि मग डिस्क घाला. मशीन त्या डिस्कप्रमाणे वाचनाची घडी बसवायचा प्रयत्न करतं. सगळ्या मॉडेलवर ही सोय मिळेलच असं नाही आणि बंद केल्यावर सेटिंग मूळपदावर येतं. त्याच यादीत प्लेस्टेशन ड्रायव्हरखाली डिस्कचा वेग आहे. पहिल्या प्लेस्टेशनचे काळे गेम अडकत असतील तर तिथे वेग ‘स्टँडर्ड’ आहे ना ते बघा. कुणीतरी हौसेनं ‘फास्ट’ करून ठेवलेला असतो.

बाजारात ब्रश लावलेली लेन्स साफ करायची डिस्क मिळते. मी वापरत नाही. वेगानं फिरणारा ब्रश तारांवर तरंगणाऱ्या लेन्सला फटके मारतो आणि तेलकटपणा तर जागचा हलतही नाही.

जाडा पीएस-टू उघडणं

लागणारं सामान: मध्यम आणि बारीक फुलीचे दोन स्क्रू ड्रायव्हर, कानाचे बड, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरं ग्रीस, बारीक टोकाचा मार्कर, बर्फाचा ट्रे. बर्फाचा ट्रे स्क्रूंसाठी, एका घरात एका ठिकाणचे. अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतं. गावात ओळखीच्या मोबाईलवाल्याकडून छोट्या बाटलीत मागून घ्या. हँड सॅनिटायझर नको, त्यात हात मऊ ठेवायला घातलेली द्रव्यं असतात आणि ती लेन्सवर मागे राहतात. अत्तर, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं तर नावही नको. लेन्स प्लास्टिकची आहे, पांढरी पडते.

वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. जाड्या मशीनचा पॉवर सप्लाय पोटातच असतो आणि त्यात काही काळ वीज साठून राहते. त्या भागाकडे हात नेऊ नका, नेण्याची गरजही नाही.

मशीन पालथं करा. तळाला छोटी चौकोनी झाकणं दिसतील, ती पिनेनं उचकटा. खाली मॉडेलप्रमाणे ८ किंवा १० स्क्रू. सगळे काढले की दोन्ही भाग एकत्र धरून मशीन सुलटं करा आणि वरचं झाकण हळूच उचला. झाकण ओढून काढायचं नाही! पुढच्या बटणांची पातळ पट्टीवजा केबल झाकणातून खाली बोर्डाकडे जाते. बटणांचा छोटा तुकडा झाकणातून सोडवा आणि मग झाकण बाजूला ठेवा. ही पट्टी तुटली तर डिस्क वाचणं राहिलं बाजूला, मशीन चालूच करता येणार नाही.

आता डिस्कचा ट्रे समोर येतो, त्यावर चार बारीक स्क्रूंचं कव्हर. ते काढताना त्याला चिकटलेली गोल चुंबकी चकती सांभाळा, डिस्कला वरून दाबून धरते ती हीच. कव्हर निघालं की लेन्स दिसते: ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी, घुमटासारखी.

इथे मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. स्वच्छ लेन्स निळी-जांभळी चमकते. मामेभावाच्या लेन्सवर ती चमक नव्हती, पिवळट धुरकट थर होता, तळलेल्या कढईच्या काठावर असतो तसा. विचारलं, मशीन ठेवतोस कुठे? तर टीव्हीच्या कपाटात, खालच्या फळीवर. आणि वरच्या फळीवर देवघर. रोज दोन वेळ उदबत्ती, सणाला धूप, आणि कपाटामागे स्वयंपाकघराची खिडकी.

बडवर आयपीएचा एकच थेंब घ्या, तोही आधी कागदावर टिपून. लेन्सवर बड फक्त टेकवा आणि हलक्या हातानं गोल फिरवा, लहान बाळाच्या डोळ्यातला कचरा काढतो तसा. दाबलीत तर लेन्स ज्या केसासारख्या तारांवर तरंगते त्या वाकतील. दुसऱ्या कोरड्या बडनं पुन्हा एकदा. थर जाड असेल तर तिसरा बड. चमक परत येईपर्यंत थांबू नका, पण चार-पाच वेळांनंतर पुढे रेटूही नका. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. कॅमेऱ्याचा रबरी पंप असेल तर लेन्सच्या कडेनं दोनदा हवा मारा, आत एक छोटा आरसा असतो, धूळ त्यावरही बसते.

मधल्या ज्या खुंटीवर डिस्क बसते तिचं वरचं तोंडही पुसा. तिथे केस गुंडाळलेला असेल तर डिस्क किंचित तिरकी बसते, आणि कडेला तो तिरकेपणा वाढत जातो.

मग रूळ. गाडा दोन चकचकीत दांड्यांवरून सरकतो. बाजूचं दातेरी चाक बोटानं फिरवून गाडा आतून बाहेर, बाहेरून आत न्या. सहज जातो का, कुठे अडतो? जुनं वंगण मधासारखं घट्ट आणि तपकिरी झालेलं असतं. बड आणि आयपीएनं ते पूर्ण काढा, दात्यांतलंही, आणि पांढऱ्या ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका प्रत्येक दांडीवर लावून गाडा चार-पाच वेळा फिरवा. खोबरेल थंडीत गोठतं, शिलाई मशीनचं तेल पसरत पसरत लेन्सपर्यंत जातं. दोन्ही नकोत.

कव्हर लावा, बटणांची पट्टी जागेवर घाला, झाकण नुसतं टेकवा आणि आपल्या यादीतल्या नापास डिस्क पुन्हा लावून बघा. स्क्रू शेवटी. कव्हर न लावता चाचणी करू नका. चुंबकी चकती नसली तर डिस्क धरली जात नाही, आणि उघड्या लेसरमध्ये डोकावणं डोळ्यांना घातक.

मामेभावाची गॉड ऑफ वॉर टू इथेच लागली. सव्वा तास, त्यात चहा धरून.

पांढरं चाक

साफ करूनही कडेच्या भागाला अडकत असेल तर जाड्या मशीनमध्ये अजून एक जागा आहे. एका रुळाच्या मागच्या टोकाशी छोटं पांढरं दातेरी चाक असतं. ते फिरवलं की रुळाचा आणि पर्यायानं लेन्सचा कल बदलतो. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं ते जागचं हललेलं असू शकतं.

आधी फोटो काढा. मग चाकावर आणि शेजारच्या प्लास्टिकवर मिळून मार्करनं एक रेघ मारा, ही मूळ जागा. चाकाला स्क्रू असेल तर थोडा सैल करा. एक दाता फिरवा, कव्हर लावा, नापास डिस्क लावून बघा. नाही? अजून एक दाता. एका बाजूला तीन-चार दाते झाले आणि फरक नाही, तर रेघेवर परत येऊन दुसऱ्या बाजूला. कंटाळवाणं आहे. पण एकदम पाच दाते फिरवून ‘बघू काय होतंय’ केलं तर पास होणाऱ्या डिस्कही हातच्या जातील. एखाद्या दात्यावर नापास डिस्क लागली की लगेच खूश होऊ नका, आधी पास झालेल्या दोन-तीन पुन्हा लावा. सगळ्या लागल्या तरच स्क्रू घट्ट करा.

पातळ पीएस-टू

सडपातळ मॉडेलचं झाकण वर उघडतं, लेन्स समोरच असते, म्हणून साफ करायला मशीन उघडावं लागत नाही. बाकी रीत तीच. दोन गोष्टी मात्र याच्याच. झाकण बंद झालंय हे कळायला कडेला बारीक स्विच असतात. त्यांत धूळ गेली तर डिस्क फिरतच नाही आणि लोक लेन्सला शिव्या घालतात. आणि ७०००० मालिकेतल्या सुरुवातीच्या मशीनमध्ये लेसरची चपटी केबल फुगून वर येते आणि फिरत्या डिस्कला घासते. डिस्कच्या खाली कंपासनं काढल्यासारखं एकच गोल वर्तुळ दिसलं तर मशीन लगेच बंद करा, दुसरी डिस्क घालू नका. केबल खाली दाबून टेपनं चिकटवली की प्रश्न मिटतो, वर्तुळ पडलेली डिस्क मात्र बहुधा गेली.

लेसरला हात घालण्यापूर्वी

लेसरच्या पाठीला दोन इवलेसे फिरवायचे स्क्रू असतात, एक सीडीचा, एक डीव्हीडीचा. त्यांनी किरणाचा जोर बदलतो. इंटरनेटवर जो तो हे फिरवायला सांगतो. मी पहिल्यांदा फिरवले तेव्हा मूळ जागेची खूण केली नव्हती, मीटरनं मापही घेतलं नव्हतं. मशीन दोन दिवस झकास चाललं, तिसऱ्या दिवशी कायमचं आंधळं झालं. जोर वाढवला की म्हातारा लेसर थोडे दिवस जोमानं पळतो आणि लवकर जळतो. त्यामुळे हे करायचंच तर नवा लेसर हाताशी असताना, जुन्यावर, प्रयोग म्हणून. मल्टिमीटरनं आधीचं माप कागदावर लिहा आणि स्क्रू घड्याळाचा काटा एका मिनिटात सरकतो त्याहून जास्त हलणार नाही अशा बेतानं फिरवा.

नवा लेसर घेताना मशीनचं मॉडेल नाही, लेसरवरचा नंबर जुळवा. जाड्या मशीनमध्ये केएचएस-४००बी, केएचएस-४००सी, एसएफ-एचडी७ असे वेगवेगळे आढळतात; पातळमध्ये केएचएम-४३० आणि पीव्हीआर-८०२डब्ल्यू. एकाच मॉडेल नंबरच्या दोन मशीनमध्ये निराळे लेसर निघू शकतात, म्हणून जुना बाहेर काढून, फोटो घेऊन मगच ऑर्डर द्या.

आणि ही एक गोष्ट न कळल्यामुळे कितीतरी नवे लेसर ‘डुप्लिकेट निघाले’ म्हणून परत जातात. नव्या लेसरच्या छोट्या बोर्डावर कथिलाचा एक थेंब दोन टोकं जोडून ठेवतो. बोटातल्या स्थिर विजेनं लेसर मरू नये म्हणून तो कारखान्यातच टाकलेला असतो. चपटी केबल जोडून झाल्यावर, आणि त्याच क्रमानं, सोल्डरिंगनं तो थेंब काढावा लागतो. तो राहिला तर लेसर पेटतच नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाईलवाल्याला एवढंच काम सांगा, दोन मिनिटांचं आहे.

लेसरच नको असेल तर

स्वतःच्या डिस्कच्या ज्या प्रतिमा मघाशी कॉम्प्युटरवर उतरवल्या त्या डिस्कशिवायही चालवता येतात. मेमरी कार्डवर फ्री मॅकबूट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की मशीन सुरू होताना ओपन पीएस-टू लोडर हा गेम चालवणारा प्रोग्राम उघडता येतो, आणि तो पेनड्राइव्ह, घरचं नेटवर्क किंवा जाड्या मशीनच्या मागच्या कप्प्यातली हार्ड डिस्क यांवरून गेम चालवतो. पीएस-टूचा यूएसबी जुन्या १.१ पिढीचा, त्यामुळे पेनड्राइव्हवरून व्हिडिओ अडखळतात. जाड्याला हार्ड डिस्क, पातळला नेटवर्कची वायर हे बरं. ९०००० मालिकेतल्या शेवटच्या मशीनवर फ्री मॅकबूट चालत नाही, कार्ड विकत घेण्याआधी तळाचा नंबर बघून घ्या.

मामेभावाला यातलं काही लागलं नाही. दीड हजारांऐवजी चार बड आणि थोडं ग्रीस. जाताना मशीन देवघराखाली ठेवू नकोस म्हणून बजावलं होतं. यंदा गणपतीत त्याचा फोन. “दादा, गॉड ऑफ वॉर परत अडकतोय. क्रिकेट लागतं.”

“कुठे ठेवलायस?”

पलीकडून आरतीच्या टाळांचा आवाज. “आई म्हणते, दुसरीकडे जागा नाही.”

बड आणि आयपीएची बाटली कुरियरनं पाठवून दिली.